कॅनालेटोची ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

जर्मनीत किंवा पोलंडमध्ये राहून आलेले ग्राहक आमच्या प्रिंट-फ्रेमच्या दुकानात येतात आणि म्हणतात, "कॅनालेटोचं मोठं प्रिंट हवंय, हॉलमध्ये लावायचंय." आम्ही व्हेनिसचे कालवे काढून दाखवतो आणि त्यांच्या डोळ्यांपुढे असतं ड्रेस्डेन. समोरासमोर हा घोळ दोन मिनिटांत सुटतो. फोनवर ऑर्डर दिली, की प्रिंट हातात पडल्यावर "अहो, हे नव्हे" सुरू होतं. छापलेला कॅनव्हास आम्हाला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

कॅनालेटो नावाचे चित्रकार दोन आहेत आणि ते मामा-भाचे आहेत. मामा जोव्हानी अंतोनियो कनाल (१६९७-१७६८), व्हेनिसचा. जगभर कॅनालेटो म्हणतात तो हाच. भाचा बेर्नार्दो बेलोत्तो त्याच्याच हाताखाली शिकला आणि १७४७ मध्ये ड्रेस्डेनला गेला. जर्मनीतल्या सॅक्सनीचा इलेक्टर (शासक) आणि पोलंडचा राजा असलेल्या ऑगस्टस तिसऱ्याच्या दरबारात तो चित्रकार झाला. नावापुढे 'ऊर्फ कॅनालेटो' लावायचा. मामाच्या पाटीवर दुकान चालवलं असं कुणी म्हणेल, पण माल स्वतःचा आणि अस्सल होता. जर्मनीत आणि पोलंडमध्ये त्याला आजही कॅनालेटोच म्हणतात, त्यामुळे तिथून आलेल्यांचं चुकत नाही. आमची विनंती एवढीच, की चित्रकाराच्या नावासोबत शहराचं नाव सांगा.

ड्रेस्डेन, पिर्ना, क्योनिगस्टाइनचा किल्ला, व्हिएन्ना, म्युनिक, वॉर्सा: हे सगळं भाच्याचं. लंडन आणि तिथली थेम्स मामाची, कारण १७४६ पासून काही वर्षं तो इंग्लंडमध्ये होता. पंचाईत होते ती फक्त व्हेनिसच्या बाबतीत. तरुणपणी भाच्यानंही व्हेनिस रंगवलं, तेही हुबेहूब मामाच्या पद्धतीनं, आणि काही चित्रं नक्की कोणाची यावर जाणकारांचेही वाद झाले आहेत. तिथं चित्र कोणत्या संग्रहालयात आहे ते कळवा.

दुसरी तक्रार रंगांची. "प्रिंट काळपट आलंय, जरा उजळ करा." आम्ही करत नाही, आणि हा हट्ट नव्हे. मामाच्या चित्रांत बहुधा उबदार ऊन असतं. भाच्याची हवा थंड, करडी-हिरवट, सावल्या गडद आणि कडा धारदार. ते उजळलं तर बेलोत्तो जातो आणि कॅलेंडर उरतं. चित्र काळपट वाटत असेल तर भिंतीवरचा दिवा बदलून पाहा. मऊ पिवळ्या प्रकाशाचा पिक्चर लाइट आमच्याकडे मिळतो.

आता आकार. सर्वात जास्त मागणी १७४८ च्या ड्रेस्डेनच्या चित्राला आहे: एल्ब नदीचा उजवा काठ, पूल, डावीकडे फ्राउएनकिर्श या चर्चचा घुमट. मूळ चित्र सुमारे १३३ बाय २३७ सेंटिमीटर आहे. म्हणजे ३६ इंच रुंदी घेतली तर उंची २० इंचांच्या आसपास येते. जुनी २४ बाय १८ ची फ्रेम घरात पडून आहे म्हणून त्यात बसवायला सांगाल, तर बाजूनं नदी तरी कापावी लागेल नाहीतर चर्च. ३६ इंची प्रिंटला चारही बाजूंनी तीन इंचांचा माउंट (चित्राभोवतीची कोरी पट्टी) सोडला की बाहेरून ४२ बाय २६ होतं. सोफ्याच्या वर ते छान बसतं.

फाइल तुमची असेल तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दबते. डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलवर पाठवा. ३६ इंचांसाठी रुंदीला निदान ७,२०० पिक्सेल लागतात. आमची परीक्षा साधी आहे. ड्रेस्डेनच्या या चित्रात कॅथलिक दरबारी चर्चचं काम चालू आहे आणि मनोऱ्याभोवती परांची बांधलेली आहे. फाइल मोठी करून बघा. परांचीची लाकडं वेगवेगळी दिसली तर छापू. नुसता तपकिरी धूर दिसला तर छापणार नाही.

वॉर्साची चित्रं मागणाऱ्यांसाठी थोडं जास्त. १७६७ मध्ये बेलोत्तो तिथं गेला आणि १७८० मध्ये तिथंच वारला. राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोनियातोव्स्कीसाठी त्यानं शहराची जी दृश्यं रंगवली, त्यातली बहुतेक आज वॉर्साच्या राजवाड्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धात शहर जमीनदोस्त झालं, तेव्हा पुन्हा बांधताना ही चित्रं समोर ठेवली गेली. पण तो जे दिसलं तेवढंच काढणारा नव्हता. काही इमारती त्यानं आपल्या मनानं नीटनेटक्या केल्या होत्या. तेव्हा तुमच्या फोटोतली इमारत आणि प्रिंटमधली इमारत जुळली नाही, तर दोष छपाईचा नाही.

छापण्याआधी पोस्टकार्डाएवढा नमुना आम्ही मोफत देतो. त्याच्यामागे शहर, साल आणि मापं लिहिलेली असतात. ती वाचून सही करा; सहीशिवाय मशीन सुरू होत नाही. निम्मी रक्कम आगाऊ लागते. दिवाळीआधी हवं असेल तर नवरात्रापूर्वी नोंदवा, नंतर फ्रेमच्या पट्ट्या कापणाऱ्या कारागिरांकडे जागा नसते.