घरकुलावर सोलर: ‘स्मार्ट’ योजनेचा अर्ज करण्याआधी वीजबिलावरचं नाव बघा

महिन्याला पन्नास-साठ युनिट जाळणारं घर सोलरच्या वाटेला जात नाही, कारण एक किलोवॅटची यंत्रणा साधारण 50 हजारांना पडते. राज्य सरकारने 2025 मध्ये आणलेली ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ म्हणजेच ‘स्मार्ट’ योजना अशाच घरांसाठी आहे.

पीएम सूर्यघर योजनेतून केंद्राचे 30,000 रुपये मिळतात. त्यावर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्य 17,500 देतं, म्हणजे पदरचे फक्त 2,500. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, पण ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या काळात एकाही महिन्यात वापर 100 युनिटच्या वर गेला नसेल, तरीही लाभ आहे: अनुसूचित जाती-जमातींना 5,000 भरावे लागतात, इतरांना 10,000. बिलाची थकबाकी नको आणि आधी कुठल्या योजनेतून सोलर बसवलेलं नको. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आहे, तेव्हा ‘बघू पुढच्या महिन्यात’ करू नका.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ग्रामीण घरकुलांना राज्याने जे 50 हजार वाढवून दिले, त्यातले 15 हजार घरावर सोलर बसवून घेणाऱ्यालाच मिळतात. त्याबद्दल ग्रामसेवकांना विचारा.

कागदपत्रं मोजकीच: आधार, ताजं वीजबिल, बँक पासबुक, घर आपलं असल्याचा पुरावा (गावात नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती), आणि लागू असेल तसा दारिद्र्यरेषेचा किंवा जातीचा दाखला. घोडं अडतं ते वीजबिलावर. मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर, आधार मुलाचं, पासबुक सुनेचं, अशी कितीतरी घरं आहेत. अशांनी आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करावा, सोलरचं नंतर बघावं.

नोंदणी पीएम सूर्यघर पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून होते. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. ओटीपी त्यावरच येतो. जमत नसेल तर महावितरणच्या जवळच्या कार्यालयात जा.

छताचंही बघून घ्या. एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविना जागा लागते, आणि घरकुल असतं 269 चौरस फुटांचं. पाण्याची टाकी दक्षिणेला असेल तर तिची सावली पॅनलवर पडते. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण कुठे घालायचं, हेही घरातल्या बायकांना विचारूनच जागा ठरवा.

पॅनल बसले की नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागतो. महिन्याला सरासरी 120 युनिटच्या आसपास वीज तयार होते. उरलेली महावितरणकडे जाते आणि बिलात वळती होते. बिल अगदी शून्यावर येईल असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका, स्थिर आकार राहतोच. पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्या एजन्सीकडे आहे. आणि या यंत्रणेला बॅटरी नसते, लाइट गेली की ती सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, त्यामुळे भर उन्हातही पंखा बंदच पडणार.