परदेशी अर्जात ‘नाव’ म्हणजे कोणतं नाव?

लॅटिनमधल्या ‘नोमेन’चं इटालियनमध्ये ‘नोमे’ झालं, स्पॅनिशमध्ये ‘नोम्ब्रे’, फ्रेंचमध्ये ‘नों’, रोमानियनमध्ये ‘नुमे’. आपलं ‘नाव’ही त्याच दूरच्या कुळातलं. शब्द ओळखीचा वाटतो आणि घाईत रकाना भरला जातो. पण प्रत्येक देशाचा अर्ज त्या शब्दाखाली तेच विचारत नाही, आणि आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बरेच अर्ज इथेच अडलेले असतात.

स्पेन आणि इटलीत या रकान्यात स्वतःचं नाव लिहायचं. फ्रान्समध्ये नुसतं ‘नों’ छापलेलं असेल तर आडनाव हवं असतं. स्वतःच्या नावासाठी ‘प्रेनों’ हा वेगळा रकाना असतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांनी इथे विशेष जपावं. १७९४ च्या कायद्यापासून फ्रान्समध्ये जन्मनोंदणीतलं नाव हेच कायदेशीर नाव. म्हणून ‘नों द नेसांस’पुढे माहेरचं आडनाव आणि ‘नों द्युझाज’पुढे सासरचं.

स्पेनमध्ये आडनावाचे, म्हणजे ‘आपेयिदो’चे, रकाने दोन असतात: एक वडिलांकडचं, एक आईकडचं. आपलं आडनाव एकच, तेव्हा दुसरा रकाना रिकामा सोडा. त्यात वडिलांचं नाव घालू नका, ते तिकडे तुमचं आडनाव होऊन बसतं. पोर्तुगालमध्येही ‘आपेलिदु’ म्हणजे आडनावच, ब्राझीलमध्ये मात्र टोपणनाव! तिथे आडनावाला ‘सोब्रेनोमी’ म्हणतात. त्याच घडणीचा फ्रेंच ‘स्युर्नों’ पुन्हा टोपणनावच.

इटलीत आडनाव म्हणजे ‘कोन्योमे’. तिथल्या सोळा अक्षरी कर-क्रमांकाची सुरुवात आडनाव आणि नावातल्या व्यंजनांवरून होते, म्हणून एका शब्दाचा फरकही महागात पडतो. समजा, नाव सुनीता रमेश पाटील. रोमन लिपीत आडनावाची अक्षरं ‘पी-टी-एल’. नावाच्या रकान्यात नुसतं ‘सुनीता’ असेल तर पुढे ‘एस-एन-टी’ येतं. व्यंजनं चार किंवा त्याहून जास्त असली की पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात, म्हणून ‘सुनीता रमेश’ असेल तर येतं ‘एस-टी-आर’. विद्यापीठाच्या अर्जात एक आणि पासपोर्टवर दुसरं असलं की क्रमांक जुळत नाही, आणि बँक खातं, घरभाडं सगळंच खोळंबतं.

येताना पासपोर्टची प्रत आणि लागू असल्यास विवाह नोंदणीचा दाखला आणा. ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं किंवा पतीचं नाव आहे का, हे आम्ही आधी पाहतो, भाषांतराला त्यानंतरच हात लावतो.