मास्तरांनी बांबूची तोड बघायला का जायचं? थोडा मागचा इतिहास

मेंढा-लेखा या गावात जंगलाचा आणि बांबूचा कारभार ग्रामसभा बघते. तिथे अभ्यासाला जाणाऱ्यांत शिक्षकही असतात, आणि तेव्हा हमखास विचारलं जातं की मास्तरांनी बांबू तोडताना बघायला एवढं लांब गडचिरोलीत धानोरा तालुक्यात कशाला जायचं, पर्यावरण पुस्तकात आहेच की. आहे, पण पुस्तकात झाडं फक्त लावायची असतात. तोडायची कशी, किती, कधी आणि कोणी ठरवायचं, यावर एक ओळ नसते. याची मुळं बरीच जुनी आहेत.

इंग्रजांना जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेसाठी लाकूड हवं होतं. १८५६ मध्ये डिट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशात पेगूच्या सागवान जंगलांवर नेमला गेला, त्याने जंगल फिरून झाडं मोजली, कुठल्या जाडीची किती आहेत ते काढलं आणि त्यावरून वर्षाला किती तोडायची ते ठरवलं. जेवढं वाढतं तेवढंच काढायचं, हिशोब साधा. १८६४ ला तो भारताचा पहिला वन महानिरीक्षक झाला आणि १८७८ ला डेहराडूनला फॉरेस्ट स्कूल निघालं, तिथली पोरं जंगलात कॅम्प लावून शिकायची. पण त्याच १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातले गावकऱ्यांचे हक्क आवळले. म्हणजे हाताने शिकायची चांगली पद्धत आली ती फक्त वनखात्याच्या माणसांसाठी, आणि ज्यांच्या दारात जंगल होतं ते आपल्याच रानात चोर ठरले. मला तरी सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं असं वाटतं. गावच बाहेर, तर गावातला मास्तर आत कुठून जाणार?

आपल्याकडे दुसरी वाट होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, त्यातून नई तालीम उभी राहिली, हाताच्या कामातून शिकायचं आणि शिक्षकाने आधी ते काम स्वतः करायचं. ती काही सगळीकडे रुजली नाही. १९५० पासून वनमहोत्सव आला, १९८२ ला राज्यात सामाजिक वनीकरण खातं आलं, शाळांच्या वाट्याला रोपं आणि खड्डे आले. १९९१ ला सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहतांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००१ नंतर राष्ट्रीय हरित सेना आली, शाळेशाळेत इको क्लब आणि एकेक इन्चार्ज शिक्षक. चांगलंच झालं, पण ट्रेनिंग बहुतेक हॉलमध्ये, प्रोजेक्टरसमोर.

मेंढा-लेखाचं वेगळं आहे. १९८० च्या दशकात इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आंदोलन झालं, त्यातून हे गोंड गाव जागं झालं. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावाने अभ्यास गट चालवला, बाहेरचे आणि गावातले एकत्र बसून एकेक विषय समजून घ्यायचे आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीने. वनहक्क कायदा २००६ ला आला, २००९ ला गावाला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं आणि वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, त्यामुळे वनखातं वाहतूक परवाना देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आता शिक्षकाने तिथे बघायचं काय, तर एक रांजी, म्हणजे बांबूचं बेट. यंदाचा कोवळा बांबू हिरवागार, अंगावर पांढरट भुकटी, खाली सालपट अजून चिकटलेलं, त्याला हात लावायचा नाही. तोडायचा तो पक्का, दोन वर्षांवरचा, आणि तोही जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. नवे कोंब ज्या बाजूला फुटतात तिच्या उलट बाजूने आत शिरायचं. आणि अजिबात तोडलंच नाही तर? रांजी आत गच्च होते, बांबू वाकडे होऊन एकमेकांत अडकतात, नव्या कोंबाला वाट मिळत नाही. हे वर्गात कितीही सांगा, पटत नाही, कोयता हातात घेऊन एक बांबू काढला की लगेच कळतं.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगावही बघण्यासारखं. तिथे ग्रामसभेने तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडणं बंद केलं, कारण चांगल्या पानासाठी झाडं छाटतात, जमिनीवर आग लावतात आणि जंगल बिघडतं. रोख पैसे देणारं काम होतं ते, तरी सोडलं आणि बांबूवर भर दिला. तोडायचं काय आणि सोडायचं काय हा हिशोब ब्रँडिसनेही मांडलेला, पण इथे तो गावाने बसून केलाय, आणि माझ्या मते शिक्षकांनी ग्रामसभेत बसून ऐकायला हवं ते हेच.

जायचं असेल तर पावसाळा टाळा, कोंब फुटायच्या दिवसांत तोड बंद असते, दिवाळीनंतरचे महिने बरे. आणि आधी ग्रामसभेला विचारा, त्यांच्या सोयीने जा, कारण जंगल त्यांचं आहे आणि शिकवणारेही तेच आहेत.