पान टाकण्याआधी झाड काय काढून घेतं?

रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरापासून निघणारा महामार्ग कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ करत नऊशेहून जास्त किलोमीटरांवर नागपूर गाठतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात या रस्त्यानं एसटीनं गेलं, तर महाराष्ट्रातल्या पानगळीच्या बहुतेक तऱ्हा खिडकीतून दिसतात. अडचण एवढीच, की लांब पल्ल्याच्या गाड्या बहुतेक रात्रीच्या, आणि बघण्यासारखं जंगल नेमकं झोपेत निघून जातं. म्हणून प्रवास तुकड्यांत करावा. रत्नागिरी ते कोल्हापूर सकाळच्या गाडीनं आणि नांदेड ते नागपूर उजेडी. मधला पट्टा रात्री गेला तरी फारसं बिघडत नाही. तिथे ऊस, ज्वारी, बाभळी, रस्त्याकडेचे कडुनिंब आणि टेकड्यांवर लावलेली गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं, एवढंच मुख्यतः असतं.

जागा डावीकडची, म्हणजे दाराच्या बाजूची घ्यावी. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे असतो. पूर्वेला जाताना डावी खिडकी उत्तरेकडे उघडते, त्यामुळे ऊन डोळ्यांवर न येता समोरच्या झाडांवर पडतं. नजर रस्त्याच्या कडेला ठेवू नये. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. या वेगाला पाच मीटरवरच्या झाडाचा नुसता हिरवा-तपकिरी पट्टा होतो. पन्नास मीटरवरचं झाड मात्र सेकंदाला जेमतेम २० अंश सरकतं आणि डोळा त्याचा सहज पाठलाग करू शकतो. मोबाइलवर फोटो काढायचा असेल, तर शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा. तेवढ्यात गाडी दोन सेंटिमीटरही पुढे जात नाही.

साखरप्यापर्यंत ऐन, किंजळ, सावर अशी मिश्र झाडी दिसते. सावर निष्पर्ण आणि लाल फुलांनी भरलेली, ऐनाची पानं विरळ झालेली. आंबा घाट चढू लागलं की चित्र पालटतं. दरीच्या बाजूला जांभूळ, अंजनी गच्च हिरवीच असतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहून बराच जास्त. मंगळवेढा-सांगोल्याकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो आणि नागपूरला पुन्हा हजारावर जातो. नांदेडहून हदगाव, उमरखेड, महागाव ओलांडून आर्णीकडे जाताना सागाचं जंगल लागतं. तिथे फेब्रुवारीअखेर डोंगरउतार जवळपास उघडे पडलेले असतात आणि मोकळ्या रानात पळस पेटलेला असतो.

युरोप-अमेरिकेतली झाडं दिवस लहान होऊन थंडी वाढली की पानं टाकतात. आपल्याकडे नागपूरची थंडी सरता सरता पानगळीला जोर येतो. इथे हिशेब पाण्याचा आहे. मार्चच्या दुपारी विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की मोठं पान मुळांना पुरवता येणार नाही इतकं पाणी उडवतं. सागाचं पान तर हातभर लांब. त्यात सागाच्या लाकडात वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या जलवाहिन्या एवढ्या रुंद असतात, की कापलेल्या फळीच्या टोकाला त्यांची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यात या वाहिन्या भराभर पाणी वर नेतात. माती सुकली की ओढ वाढते, पाण्याचा धागा तुटतो, वाहिनीत हवा शिरते आणि ती निकामी होते. असं व्हायच्या आत पानं टाकलेली बरी.

म्हणूनच एकाच जातीची झाडं एकाच दिवशी वेगळी दिसतात. आर्णी-यवतमाळ टप्प्यात मुरमाड उतारावरचा साग खराट्यासारखा झालेला असतो आणि खाली नाल्याच्या काठचा साग अजून पानं धरून असतो. नाला स्वतः दिसत नसला, तरी हिरव्या रेघेवरून तो कुठून वाहतो ते बसमधून सांगता येतं. अंगणातही हेच चालतं. न्हाणीघराचं पाणी मिळणारं झाड बिनपाण्याच्या जुळ्या झाडापेक्षा उशिरा गळतं.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सागाचं रान करपल्यासारखं तपकिरी दिसलं, तर ती पानगळ नव्हे. पानांची जाळी करणारी अळी पानातला हिरवा गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवते, त्याचा तो रंग असतो. दुसरी फसगत लाल रंगाची. मार्चमध्ये लांबून लालभडक दिसणारं कोशिंबाचं झाड गळतीला लागलेलं नसून नव्या पालवीत आलेलं असतं. मोहाची तांबूस आणि पिंपळाची गुलाबीसर पालवीही त्यातलीच. कोवळ्या पानाची यंत्रणा अजून तयार नसते. त्याला प्रखर उन्हापासून वाचवण्याचं काम हा लाल रंग करतो, असं मानलं जातं. गळण्याआधी लाल होणारी झाडं आपल्याकडे थोडी. त्यातलं सर्वांच्या ओळखीचं म्हणजे देशी बदाम.

ऐन उन्हाळ्यात पालवी फुटते कशी, हा प्रश्न रास्त आहे. पानं गेली की पाण्याचा मोठा खर्च थांबतो. खोल मुळांनी ओढलेलं थोडंसं पाणी खोडात साठत जातं, खोड पुन्हा ओलं होतं, आणि तेवढ्यावर कळ्या फुटतात. पाऊस येतो तेव्हा बऱ्याच झाडांची पानं कामाला तयार असतात. साग मात्र थांबतो. त्याला पालवी यायला मे-जून उजाडतो.

आता पान गळतं कसं, ते पाहू. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान कार्यक्षम असेपर्यंत पानातून ऑक्सिन हे संप्रेरक देठाकडे वाहत राहतं आणि हा थर स्वस्थ असतो. ऑक्सिन आटलं आणि इथिलीन वायूचा प्रभाव वाढला, की त्या थरातल्या पेशी विकरं (एन्झाइम) सोडतात. पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर विरघळतो आणि पान स्वतःच्या वजनानं किंवा वाऱ्यानं सुटतं. मागे उघडी जखम राहत नाही, कारण आतल्या बाजूला बुचासारखा थर आधीच तयार झालेला असतो. देशी बदामाच्या फांदीवर पान सुटल्याची खूण पाहिली, तर त्यात तुटलेल्या वाहिन्यांचे ठिपके दिसतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की पान गाळणं हे जिवंत पेशींचं काम आहे. वादळात मोडलेल्या फांदीची पानं जागच्या जागी सुकतात, पण गळत नाहीत. कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐन-किंजळाची कवळं (पानांच्या डहाळ्या) तोडतात, ती पानांसकट भारे बांधून शेतात नेता येतात ती याचमुळे.

सुटण्याआधी पान रिकामं केलं जातं. हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा रंग उघडा पडतो. प्रथिनं सुटी होऊन त्यांतलं नत्र फांदीत आणि खोडात परत जातं, स्फुरदही जातं. साधारण निम्मं नत्र असं परत घेतलं जातं, आणि नवी पालवी त्यावरच उभी राहते. मागे उरतं ते सेल्युलोज, लिग्निन, टॅनिन आणि मेण.

अंगणात रचलेला पाल्याचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो, त्याचं कारण हेच. कुजवणाऱ्या जिवाणूंना दर २५-३० भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. गळलेल्या पाल्यात हे प्रमाण ६०ला एक किंवा त्याहून वाईट असतं. दहा किलो सुक्या पाल्यात कर्ब साडेचार किलो धरला, तर नत्र निघतं ७५ ग्रॅम, लागतं १५० ग्रॅम. म्हणजे झाडानं जेवढं काढून घेतलं, साधारण तेवढंच आपण परत घालायचं. दहा किलो ताज्या शेणात नत्र ४० ग्रॅमच्या आसपास असतं, कारण शेणाचा चार-पंचमांश भाग पाणी. तेवढ्याच वजनाच्या गिरीपुष्पाच्या ओल्या पाल्यात ते ६०-७० ग्रॅम मिळतं. शेण विकत आणावं लागत असेल, तर कुंपणाचं गिरीपुष्प छाटून घालणं केव्हाही परवडतं. थोडं शेण मात्र गिरीपुष्पासोबतही घालावं, जिवाणूंच्या विरजणासाठी.

खताच्या ढिगासाठी कोंबडीची जाळी १० फूट लांब आणि साडेतीन-चार फूट उंच घेऊन गोल बांधली, की तीन फुटांहून थोड्या जास्त व्यासाचा पिंजरा होतो. याहून लहान ढीग आतली उष्णता धरत नाही. तळाला काड्याकुटक्यांचा वीतभर थर द्यावा. पाला भरण्याआधी उन्हात कडक असताना पायांनी तुडवून चुरावा. साग चटकन चुरतो, आंबा आणि बदाम चिवट. चुरला नाही तर मेणचट पानं एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि मध्ये हवा-पाणी पोहोचत नाही. दहा किलो सुक्या पाल्याला बारा लिटर पाणी लागतं. वरून ओतलेलं पाणी पानांवरून घसरून खाली जातं, म्हणून पाला रात्रभर पिंपात भिजत घालावा. मूठ घट्ट दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, एक-दोन थेंबांहून जास्त पडू नयेत.

चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेला असतो आणि सगळं ठीक चाललंय. सळई गार आणि कोरडी निघाली तर पाणी कमी पडलंय. मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच असतं, तेव्हा वर ओलं गोणपाट टाकावं. गार पण ओली निघाली तर नत्र कमी. अमोनियाचा उग्र वास आला तर हिरवा पाला जास्त झालाय, सुका मिसळावा. कुजका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. पिंजरा सोडवून ढीग खालीवर करावा. दर पंधरा दिवसांनी असं केलं तर तीन-चार महिन्यांत खत होतं, न केल्यास वर्षही लागतं. फेब्रुवारीत रचलेला ढीग जूनच्या पेरण्यांपर्यंत हाती येतो. पावसाळा तोंडावर आला की झाकावा, नाहीतर पालाश पाण्यासोबत वाहून जातं.

पेटवून दिल्यास नत्र हवेत जातं आणि राखेत चुना, पालाश, थोडं स्फुरद एवढंच उरतं. शिवाय कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली असून साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठरवला आहे.

तयार खत अर्ध्या इंचाच्या चाळणीनं चाळावं. चाळणीवर राहिलेले सागाचे देठ आणि बदामाच्या शिरा फेकू नयेत. त्यांच्यावर जिवाणू-बुरशी बसलेली असते, पुढच्या ढिगाच्या तळाला त्याच टाकाव्यात. कुंडीसाठी एक भाग खत, दोन भाग माती पुरे. खतात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढाव्यात. त्यांतल्या काही नुसता कुजका पाला खातात, पण हुमणी असेल तर ती कुंडीत गेल्यावर मुळं कुरतडते. सपाट जागेवर ठेवल्यावर अळी पाठीवर सरपटत गेली, तर ती कुजका पाला खाणारी; पायांवर चालली तर हुमणी असू शकते.