ताठरतेचा प्रश्न आणि त्यावरची गोळी : पार्श्वभूमी

लोकलने शाळा-कॉलेजला जाणारी आमची पिढी ‘गुप्तरोग’ हा शब्द रुळांकडेच्या भिंतींवर वाचूनच शिकली. डब्यात दरवाजाशेजारी चिकटवलेला वीतभर कागद, त्यावर ‘कमजोरी’, ‘मर्दानगी’ आणि खाली फोन नंबर. अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कागद अजून दिसतात.

याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. लैंगिक शंकांना त्यात आडपडदा न ठेवता उत्तरं मिळत. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा कोर्टात कर्व्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मला ही घटना फार मोलाची वाटते.

कर्व्यांच्या काळी मात्र शिश्नाला ताठरता नेमकी येते कशी, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. आपल्याकडे दोष वीर्यनाशाला दिला जाई, पाश्चात्त्य डॉक्टर बहुतांशी मनाला देत. खरं उत्तर रक्तवाहिन्यांत होतं. शिश्नात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांच्यातले बारीक स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे आत रक्त जेमतेम येतं. उत्तेजना झाली की मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्याच्यामुळे ‘सीजीएमपी’ नावाचं रसायन तयार होतं आणि ते स्नायू सैल पडतात. रक्त भरतं, नळ्या फुगतात, आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा बाहेरच्या चिवट आवरणाखाली दाबल्या जातात. म्हणजे ताठरतेच्या मुळाशी सैलावणं आहे! काळजीने, भीतीने ॲड्रेनॅलिन वाढलं की हेच स्नायू पुन्हा आवळतात. मनाचा संबंध येतो तो इथे.

हे कळलं ते टप्प्याटप्प्याने. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रोनाल्ड विराग यांनी स्नायू सैल करणाऱ्या पापाव्हेरिन या औषधाच्या इंजेक्शनने ताठरता येते हे मांडलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास व्हेगासच्या परिषदेत स्वतःला इंजेक्शन घेऊन, भर सभेत परिणाम दाखवला. शरमेने दडवलेला विषय एका माणसाने स्वतःच्या देहानिशी पुढे आणला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

‘व्हायाग्रा’ या गोळीतलं औषध सिल्डेनाफिल. ते मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी, इंग्लंडमधल्या सँडविच गावी, फायझरच्या प्रयोगशाळेत तयार झालं. छातीदुखीवर ते फारसं चाललं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. शरीरातलं पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) सीजीएमपी मोडून टाकतं. गोळी त्या विकराला अडवते. मुळात उत्तेजनाच नसेल तर गोळी काही करत नाही. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत ‘व्हायाग्रा’ला मंजुरी मिळाली. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.

भारतात तेव्हा १९७० चा पेटंट कायदा होता. त्यात औषधाला पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी तेच औषध स्वतःच्या पद्धतीने, स्वस्तात बाजारात आणलं. कायदा बदलला तो २००५ मध्ये.

स्वस्त झालं, आणि चिठ्ठीशिवाय घ्यायची सवय लागली. खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीदुखीवरची नायट्रेटची गोळी, बाळगणाऱ्या हृदयरोग्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. दुसरी गोष्ट मला जास्त छळते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून मधुमेह, तंबाखू, रक्तदाब यांचा मार बऱ्याचदा आधी तिथे दिसतो. छातीत दुखायला लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा.

माझा मावसभाऊ, वय बावन्न, वर्षभर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळ्या नेत होता. काउंटरवर मान खाली, स्ट्रिप खाकी पाकिटात, सुटे पैसे, चाललं. शेवटी पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरकडे गेला आणि साखर निघाली ३४०. रक्त तपासलंयस का, हे त्या वर्षभरात त्याला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.