ईमास नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडकतो

ईमास ही युरोपीय संघाची पर्यावरण व्यवस्थापन व लेखापरीक्षण योजना. सक्ती कुणालाच नाही. १९९५ मध्ये ती फक्त उद्योगांसाठी सुरू झाली, २००१ पासून शाळा, रुग्णालये, नगरपालिका अशा सगळ्यांना खुली झाली. आज २००९ चा नियम क्रमांक १२२१ लागू आहे.

युरोपबाहेरचा कारखानाही पात्र आहे, पण बाहेरचे अर्ज स्वीकारणाऱ्या सदस्य देशाकडेच अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातल्या कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी पाळल्याचा पुरावा द्यायचाच, शिवाय त्या देशात तशाच उद्योगाला कोणते पर्यावरण कायदे लागू आहेत याचाही उल्लेख करायचा. हा दुसरा भाग हमखास राहून जातो.

आधी पर्यावरणीय आढावा. मग धोरण, उद्दिष्टे, व्यवस्थापन पद्धती आणि अंतर्गत लेखापरीक्षण. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर ही पद्धती नव्याने उभारावी लागत नाही. पण ते प्रमाणपत्र जोडले म्हणजे झाले, असे मात्र नाही. ईमासचा खरा कस पर्यावरण निवेदनात, म्हणजे संस्थेने स्वतःच्या पर्यावरणीय कामगिरीबद्दल द्यायच्या अहवालात लागतो, कारण ते लोकांसमोर ठेवायचे असते.

निवेदनात ऊर्जा, साहित्य, पाणी, कचरा, जमिनीचा वापर आणि उत्सर्जन असे सहा मुख्य निर्देशक असतात. प्रत्येकाचे तीन आकडे द्यायचे: वर्षाचा एकूण वापर, संदर्भमूल्य (ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा, जसे उत्पादन) आणि त्यांचे गुणोत्तर. समजा वीज-इंधन मिळून ९०० मेगावॉट-तास लागले आणि उत्पादन ६०० टन झाले, तर गुणोत्तर टनामागे १.५ मेगावॉट-तास. एका वर्षी टन आणि पुढच्या वर्षी कर्मचारीसंख्या असे संदर्भमूल्य बदलत राहिलात तर तुलनाच होत नाही. डिझेल जनरेटरचे इंधन ऊर्जेतून सुटणे ही आणखी एक नेहमीची चूक. म्हणून बिले आणि मीटरची नोंद महिन्याच्या महिन्याला ठेवा.

निवेदन तपासून वैध ठरवतो तो अधिस्वीकृत, म्हणजे अधिकृत मान्यता मिळालेला पडताळणीकार. त्याची अधिस्वीकृती तुमच्याच व्यवसायाच्या संकेतांकासाठी (व्यवसायप्रकाराच्या ठरलेल्या क्रमांकासाठी) आहे ना, हे करार करण्याआधी पाहा.

अर्जासोबत वैध ठरवलेले निवेदन, पडताळणीकाराचे सहीचे घोषणापत्र, भरलेला नमुना अर्ज आणि शुल्क असल्यास पावती लागते. ज्या सदस्य देशाकडे अर्ज करता त्याच्या राजभाषेत अर्ज हवा. कायदा मोडल्याचा पुरावा किंवा न सुटलेली तक्रार निघाली तर नोंदणी होत नाही.

नोंदणीनंतर महिनाभरात निवेदन जाहीर करायचे, दरवर्षी ते अद्ययावत करून वैध ठरवून घ्यायचे आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचे. लहान संस्थांना, मोठा पर्यावरणीय धोका नसेल तर, मागणी केल्यावर हीच मुदत अनुक्रमे दोन आणि चार वर्षे मिळू शकते. नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने मागितलेली कागदपत्रे दोन महिन्यांत दिली नाहीत तर नोंदणी स्थगित किंवा रद्द होते. बोधचिन्ह नोंदणी क्रमांकासह पत्रव्यवहारात वापरता येते; उत्पादनावर किंवा वेष्टनावर छापायला मनाई आहे.