युद्धपीडित बालकांचे संगोपन

युद्ध, फाळणी किंवा सशस्त्र संघर्षात आईवडील गमावलेल्या, त्यांच्यापासून ताटातूट झालेल्या अथवा घरदार सोडावे लागलेल्या मुलांची जबाबदारी नातलग, शेजारी, पालक-कुटुंबे (परक्या मुलाला दत्तक न घेता घरी सांभाळणारी कुटुंबे) किंवा संस्थांतील कर्मचारी स्वीकारतात, त्या व्यवस्थेचा विचार या नोंदीत केला आहे. अशा मुलांना सरसकट अनाथ समजले जाते. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी अनेकांची आई, वडील किंवा जवळचे नातलग हयात असतात आणि त्यांचा शोध घेणे हे सांभाळणाऱ्याचे पहिले काम ठरते. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९७५ मध्ये, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावहून मोठ्या संख्येने मुले विमानांनी अमेरिकेत व अन्य देशांत हलवण्यात आली, तेव्हा घाईत नेमके हेच राहून गेले. त्यांतील काही मुले अनाथ नव्हतीच, असे पुढे उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

संगोपनाविषयीची आजची समज बरीचशी दुसऱ्या महायुद्धातून आली. बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये चालवलेल्या युद्धकालीन बालगृहांत असे दिसले, की बाँबहल्ल्यापेक्षा आईपासूनचा दुरावा लहान मुलांना अधिक खचवतो. म्हणून त्यांनी मुलांचे छोटे ‘कुटुंबगट’ करून प्रत्येक गटाला एकच ठरलेली सांभाळणारी दिली. तेरेझिन येथील नाझी छावणीतून १९४५ मध्ये इंग्लंडला आणलेली सहा लहान मुले मोठ्यांवर विश्वास ठेवत नव्हती, पण एकमेकांना क्षणभरही सोडत नव्हती. त्यांची जवळीक हाच आधार मानून सांभाळणाऱ्यांना पुढे जावे लागले. भावंडांना वेगळे करू नये हा नियम आज सर्वमान्य असला, तरी संस्थांतील रिकाम्या खाटांच्या हिशेबात तोच सर्वांत आधी मोडतो.

महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तेथील रहिवाशांत स्त्रिया व मुले यांची संख्या मोठी होती, आणि मुलांना शिकवणारे, सांभाळणारे बहुतेक जण स्वतःच देशोधडीला लागलेले होते.

१८१७ मधील इंग्रज-भोसले लढायांनंतर नागपुराने आपल्या भूमीवर मोठे युद्ध पाहिले नाही. निर्वासित मात्र येत राहिले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे जरीपटका परिसरात वसली. नागपूर विभागातच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात पूर्व बंगालमधून आलेल्यांची गावे आहेत. याच गडचिरोलीतील नक्षलवादी हिंसाचारामुळे हा विषय विदर्भाला परका राहिलेला नाही. मारला गेलेला पोलीस शिपाई, खबरी ठरवून मारलेला गावकरी आणि चकमकीत मेलेला नक्षलवादी या तिघांच्याही मागे मुले राहतात. शासकीय मदतीचे नियम त्यांच्यात भेद करतात, संगोपनाने तो करण्याचे कारण नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ सशस्त्र संघर्षाने बाधित बालकाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ मानतो. अशा निराधार बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती त्याला नातलगांकडे, पालक-कुटुंबाकडे किंवा बालगृहात सोपवू शकते, आणि संस्था हा शेवटचा पर्याय मानणे कायद्याला अपेक्षित आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून कुटुंबात सांभाळल्या जाणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये दिले जातात. रक्कम थोडी आहे. पण आजी, मामा किंवा मोठी आई यांच्या घरात तीच मुलाच्या शाळेतील मुक्कामाचे निमित्त ठरू शकते. वसतिगृहात शिक्षण आणि दोन वेळचे जेवण मिळते, मात्र अधीक्षकांच्या बदल्या होतात, आणि रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला रोज तेच माणूस जवळ लागते.

अशी मुले अंथरूण ओले करतात, उशीखाली पोळी लपवून ठेवतात, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कोपरा गाठतात. तेव्हा रागावण्यापेक्षा जेवणाची, झोपेची आणि शाळेची वेळ न चुकवणे अधिक उपयोगी पडते. ‘आई गावाला गेली आहे’ असे सांगून वेळ मारून नेण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे. ती हानिकारक आहे, कारण मूल वाट पाहत राहते आणि पुढे खरे कळल्यावर त्या मोठ्या माणसाच्या इतर शब्दांवरही विश्वास ठेवत नाही. मृत्यूची गोष्ट वयाला समजेल अशा सरळ शब्दांत सांगावी आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा उत्तर द्यावे.

सांभाळणारी आजी असेल, तर तिचेही लेकरू गेलेले असते. शिवाय दाखले तिलाच गोळा करावे लागतात: मृत्यूची नोंद, जन्माचा दाखला, जातप्रमाणपत्रासाठी वडिलांकडच्या पिढ्यांचे पुरावे. गाव सोडताना कागद मागे राहिले असतील, तर हे काम वर्षानुवर्षे रेंगाळते. आईवडील दोघेही नसतील आणि मुलाच्या नावे जमीन असेल, तर पालक व प्रतिपाल्य अधिनियम, १८९० नुसार जिल्हा न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश घेता येतो. आजीचे वय झाले असल्यास तिच्यानंतर मूल कोणाकडे राहील, हे नातलगांनी तेव्हाच ठरवून ठेवणे हिताचे असते.